अशी बाई नसते

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. घरात नाही, माहेरी बहिणीपुढे नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मी तेवढ्या जागेला वळसा घालून जाते—बाकी सगळं बोलते, मागते, आणि तिथं आलं की गप्प होते. तुमच्यापुढे बोलणं सोपं आहे असं नाही. पण तुम्ही मला बघत नाही. कुणी बघत नसलं की मला बोलता येतं.

मी चौथीपर्यंत शिकले. हदगावकडचं आमचं खेडं, पुढची शाळा लांब होती. पण खरं कारण ते नव्हतं. धाकटी बहीण गेलीच की त्याच लांबच्या शाळेत. मला घरी ठेवलं, कारण चौथीतच मी नववीतल्या पोरीएवढी दिसायचे. उंच, खांदे रुंद, हाताचे पंजे बापासारखे. हिला झाकायची कुठं, असं आई म्हणायची. रागानं नाही, काळजीनं म्हणायची, पण मला ऐकू यायचंच ना? मला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांच्या आधी मला पाटावर बसवून ठेवलं आणि ते जाईपर्यंत उठू दिलं नाही. चहा मावशीनं फिरवला. लग्नाच्या फोटोत मी खुर्चीवर बसलेली आहे आणि हे, म्हणजे माझ्या लेकीचे, वैष्णवीचे पप्पा, शेजारी उभे आहेत. ते माझ्याहून चार बोटं कमी आहेत. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. मला मात्र रोज वाटलं.

हे सांगून मी माझी बाजू मांडून राहिले असं समजू नका. बाजू नाहीच. पुढचं कळायला एवढं लागेल, म्हणून सांगितलं.

आम्ही नांदेडला राहतो. यांचा टेम्पो आहे, सोयाबीन, तूर घेऊन लातूरच्या मोंढ्यात जायचं, तिकडून मिळेल तो माल घेऊन यायचं. मी लग्नसराईत लोकांना आमटीला लावायचं येसर कुटून देते. ज्वारी, गहू, डाळ भाजायची, खोबरं, मसाले भाजायचे, आणि उखळात घालून मुसळीनं कुटायचं. गिरणीतून काढलेल्या येसराला ती चव नाही म्हणून अजून काही घरं हातकुटीचंच मागतात. टोकाला लोखंडी वसू, म्हणजे कडं, बसवलेली जड मुसळ आहे माझी. ती डोक्याच्या वर नेऊन खाली आणायची, दिवसभर. दंड काय होतील मग?

वैष्णवी आमची एकुलती. लहानपणापासून चित्रं काढायची. इथंच कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा क्लास केला, आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम तिला घरबसल्या मिळालं. मोबाईलवर खेळायचे खेळ असतात ना, राजे, राक्षस, जादूगार, तलवारी—त्यातली माणसं ती काढते. तिच्या खुर्चीमागे भाजी निवडत बसायला मला आवडायचं. ती मला दाखवायची. गडी बघावेत तर तऱ्हेतऱ्हेचे. एकाचं पोट पुढे आलेलं, एकाला एकच डोळा, एक इतका म्हातारा की दाढी गुडघ्याला टेकली, एकाला तर बैलाचं तोंड. सगळे लढणारे, सगळे मानाचे. आणि बाया? एकीचे केस लाल, एकीचे पांढरे, एकीच्या हातात धनुष्य, एकीच्या हातात काठी. चेहरा एकच. वय एकच. बर्फाच्या देशातली असली तरी पोट उघडं. गड्यांना गळ्यापासून पायापर्यंत लोखंड आणि यांना वीतभर.

"आई, हिला दोन लेकरं हायेत म्हणून लिहिलंय," वैष्णवी एकदा म्हणाली. "आणि कंबर बघ हिची."

मी म्हणाले, सासू चांगली भेटली असेल. ती इतकी हसली की हातातलं पेन खाली पडलं. असे दिवस होते ते. मी कुणाला हसवू शकते हे मला तिच्याजवळच कळलं.

जाड बाई, काळी बाई, म्हातारी बाई त्या खेळांत नव्हतीच असं नाही. होती. ती राक्षसीण असायची, नाहीतर चेटकीण. तिला मारायचं असायचं. वैष्णवीला याचा फार राग यायचा. तिनं काही काढून पाठवलं की तिकडून उत्तर यायचं—कंबर अजून बारीक करा, चेहरा तरुण करा, ओठ भरा. ती करायची, आणि जेवताना अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायची.

मग तिला एक काम आलं. एका किल्ल्याच्या वेशीवर राखण करणारी बाई काढायची होती. खेळणाऱ्यानं निवडायची, आपल्या बाजूनं लढणारी. मी गच्चीवर येसर कुटत होते तेव्हा ती वर आली आणि जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं मसाल्याचा खाट नाकात जाऊन ठसका लागला म्हणून थांबली. तिचा फोन तेव्हा दुरुस्तीला दिलेला होता. ती खाली गेली, पप्पांचा फोन घेऊन आली, आणि मला म्हणाली, आई, मुसळ वर धर आणि तशीच थांब. पदर खोचलेला, डोक्याला फडकं, बाह्या वर सारलेल्या. मी नको नको म्हणाले आणि थांबलेही. इकडून काढला, तिकडून काढला, खाली बसून वरच्या बाजूला काढला. उभी असताना माझा फोटो त्याआधी कुणी काढला असेल तर मला आठवत नाही.

पुढे काही दिवस तो फोन डब्याला टेकवून ती बघून बघून चित्र काढत होती. पप्पा लातूरला जाताना फोन मागायचे आणि आल्यावर परत तिच्या टेबलावर ठेवायचे.

चित्र झालं तेव्हा तिनं मला बोलावलं.

वेशीच्या मधोमध एक बाई उभी होती. सावळी. कानाजवळचे केस पिकलेले. नाक बसकं. पाय रोवलेले, कंबर रुंद, खांदे असे की मागची वेस लहान वाटावी. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पुरतं चिलखत. दोन्ही हातांत लोखंडी टोकाचं जड हत्यार, डोक्याच्या वर नेलेलं. तोंडावर राग नव्हता. आता हे खाली आणायचं आणि काम संपवायचं, एवढंच होतं तोंडावर.

कशी वाटते, असं तिनं विचारलं. बरी आहे, असं मी म्हणाले आणि चुलीवर काहीतरी आहे म्हणून आत गेले. चुलीवर काही नव्हतं.

मला ती आवडली होती. हे तुम्हाला सांगणं मला पुढच्या गोष्टीपेक्षाही जड जातंय. मला वाटलं होतं, मी कुरूप नाही. पन्नाशीला आल्यावर, पहिल्यांदा. वाटलं होतं, अशी बाई असेल तर लोक वेशीच्या आत सुखानं झोपतील. आणि हे मी लेकीला बोलले नाही. का नाही बोलले? तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. रडलं असतं तर काय बिघडलं असतं?

चित्र तिनं पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या सरांचा कॉम्प्युटरवरच फोन आला. ती हातानं काम करत होती म्हणून स्पीकर चालू होता, आणि मी स्वयंपाकघरात होते. माणूस वाईट नव्हता. मऊ बोलायचा, समजावून सांगायचा. चित्रात मेहनत आहे म्हणाला. पण हिला कोण निवडेल? तासन् तास हिच्याकडे बघत कोण खेळेल? आणि ते जाऊ दे, मुळात शरीरच चुकलंय म्हणाला. पुरुषाच्या धडावर बाईचं डोकं ठेवल्यासारखं दिसतंय.

"वैष्णवी, अशी बाई नसते," तो म्हणाला.

माझी लेक हसली. खुशीत हसली ती—पत्ते जिंकायच्या आधी माणूस हसतो तशी.

"असते सर. माझ्याकडे फोटो आहेत. उद्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवते."

सगळ्यांना. म्हणजे तो सर, त्याचे वरचे, आणि तिच्यासारखी चित्रं काढणारी दहा ठिकाणची पोरं. मोठ्या पडद्यावर. माझे उघडे दंड, काखेतला घाम, खोचलेला पदर. चित्रातली बाई ती चित्रातली बाई. तिला चिलखत होतं. फोटोत मी होते. आणि ते बघून काय म्हणतील? खरंच की, असते अशी. असं म्हणतील आणि हसतील. बघायला पाहुणे आले आहेत आणि मी पाटावरून उठले आहे, असं मला झालं.

तिनं मला विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात, असं तिला वाटलं असेल. तिच्या लेखी ती माझा मान करत होती. मी नुसतं 'नको' म्हणाले असते तर तिनं ऐकलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. ती माझा शब्द मोडत नाही. पण नको म्हटलं की ती 'का' विचारणार, आणि ते मला सांगायचं नव्हतं. मग मी काय केलं?

दुपारी पप्पा लातूरहून आले, जेवले, झोपले. वैष्णवी आपला फोन दुकानातून आणायला गुरुद्वाऱ्याकडे गेली होती. यांचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. मी तो काढला. फोटो सापडायला वेळ लागला नाही. एक एक बघितला. एकात माझं तोंड उघडं होतं. एकात मान मागे गेलेली. आणि एकात मी हसत होते—ती काहीतरी बोलली असेल तेव्हा. त्याच्यावर माझा अंगठा थांबला. तेवढा एक ठेवला असता तर चाललं असतं, सगळ्यात साधा होता तो. तोही उडवला.

उडवलेले फोटो फोनमध्ये आणखी एका जागी जाऊन पडतात आणि तिथून परत आणता येतात, हे मला वैष्णवीनंच शिकवलं होतं, माझ्या आईचा फोटो एकदा चुकून गेला तेव्हा. मी तिथंही गेले. रिकामं करू का, असं फोननं विचारलं. मी हो म्हणाले.

संध्याकाळी तिनं फोन घेतला आणि शोधू लागली. आधी हळू, मग भराभरा. मी भाकरी थापत होते. हात थांबवला नाही.

तुम्हाला पप्पांचं एक सांगायला हवं. त्यांना फोनचा फार नाद होता. रोज सकाळी उठलं की फुलाचं एक चित्र, खाली 'शुभ सकाळ', निलंग्याच्या भावांना, मोंढ्यातल्या माणसांना, सगळ्यांना. तिकडूनही तशीच फुलं यायची. फोन भरून जायचा. मग टेम्पो रिकामा होईपर्यंत ते बसून फुलं उडवत. त्यातलं त्यांना नीट कळत नव्हतं, पण आवड होती. टेम्पोवाल्याला दुसरं काय असतं?

"पप्पा, तुम्ही आईचे फोटो उडवले का?"

"मी?" ते उठून बसले. "फुलं उडवली आसतील माय. भरलाय भरलाय म्हणून राहिला होता फोन."

तिनं बघितलं. फुलं गेलेलीच होती. ढीगभर गेली होती. मग तिला दुसरं काय वाटणार? ती ओरडली. बापावर आवाज चढवलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. कळत नाही तर हात कशाला लावता, असं म्हणाली. माझ्या कामाची तुम्हाला किंमत नाही म्हणाली. येड्यासारखं अंगठा घासत बसता म्हणाली. ते चष्मा शोधत होते, जणू चष्मा लावला की फोटो दिसतील.

"गेले आसतील माझ्याच हातून," ते म्हणाले.

फुलं कशी गेली होती? मी फोन घेतला तेव्हा तर ती सगळी होती, आणि घरी आल्यावर त्यांनी फोनला हात लावला नव्हता. आल्या आल्या जेवून झोपले होते.

फुलं मी उडवली. माझे फोटो उडवून झाल्यावर मी थांबले, विचार केला, आणि मग बसून यांची फुलं उडवली. गुलाब, कमळं, झेंडू, गणपती. नुसते माझेच फोटो गेले तर कुणी उडवले हे कळेल, म्हणून. घाबरून हात चुकला असं नाही. डोकं शांत होतं माझं. ते माझ्यापासून चार हातांवर झोपलेले होते, तोंड उघडं, दमलेले, आणि मी त्यांच्या नावावर लावून देत होते.

हे होतं ते. इथंच मी वळसा घालून जाते.

आणि तेवढ्यावरही झालं नाही. भांडण झाल्यावर वैष्णवी माझ्याकडे आली. डोळे पुसलेले. सकाळी लवकर पुन्हा गच्चीवर उभी राहशील का, असं विचारलं. पाच मिनिटं, आई. मी म्हणाले, खांदा धरलाय, हात वर होत नाही. तिनं माझ्या खांद्याकडे बघितलं आणि बरं म्हणाली. जेवणं झाल्यावर पप्पांनी मलमाची ट्यूब आणली आणि माझ्या खांद्याला चोळली. हळूहळू, सगळीकडून. दुखतंय का इथं, असं विचारत होते. मी हो म्हणत होते. त्या खांद्याला काही झालेलं नव्हतं.

मीटिंगमध्ये ती म्हणाली, फोटो गेले. कुणीतरी हसलं, मला आतून ऐकू आलं.

राखणदारीण बारीक झाली. खांदे उतरले, रंग उजळला, कानाजवळचे केस काळे झाले, पोट उघडं पडलं. पहिलं चित्र मात्र वाया घालवू नका म्हणाले. त्याला सुळे लावले, शिंगं लावली, डोळे पिवळे केले. ती आता खेळात पुलाखालून येते आणि खेळणारे तिला मारतात. शेजारची पोरं खेळतात तेव्हा तिचं ओरडणं कधीकधी ऐकू येतं. वैष्णवीनं ते बदल स्वतः केले, आमच्या घरात बसून. मी तिच्यामागे भाजी निवडायला बसले नाही.

त्यानंतर ती बापाशी बरेच दिवस नीट बोलली नाही. घरात जसं होतं तसं मग हळूहळू बोलू लागली—चहा ठेवलाय, टेम्पोचे कागद कुठं आहेत. पण आधीसारखं हसणं राहिलं नाही. पप्पांनी फुलं पाठवणं बंद केलं. निलंग्याहून दीर विचारायचे, दादाची तब्येत बरी आहे ना? फोन आला की ते हातात घेतात, बोलतात आणि लगेच दूर ठेवतात, गरम भांडं ठेवावं तसा.

वैष्णवीचं काम चांगलं चाललंय. आता तिला कुणी कंबर बारीक करा म्हणत नाही, ती आधीच करते. नव्या पोरी तिच्या हाताखाली आहेत, त्यांना ती फोनवर शिकवते. परवा एकीला सांगत होती, खांदे कमी कर गं, अशी बाई नसते. आवाज चिडलेला नव्हता. मऊ होता, समजावणारा. मी दारापर्यंत गेले. मी सहा फुटाला थोडी कमी आहे, दार माझ्यानं भरतं. ती वळली नाही, आणि मी परत गेले.

तिची बढती झाली तेव्हा घरी पेढे आणले. निलंग्याहून दीर-जाऊ आले होते. सगळे बसलेले असताना पप्पा उठले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"माय, तवा माझ्या हातून तुझं नुकसान झालं," ते म्हणाले. "लई दिवस सांगायचं होतं. मला कळत न्हाई त्यातलं. माफ कर बापाला."

वैष्णवी म्हणाली, जाऊ द्या पप्पा, झालं ते. आणि उठून त्यांच्या पाया पडली. जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. असा बाप पाहिला नाही बाई, असं ती मला म्हणाली.

त्यांना खरंच वाटतं की त्यांनी केलं. आठवायचा प्रयत्न करून करून आता त्यांना ते आठवतंही. लातूरच्या रस्त्यावर एका ढाब्यावर बसून उडवले, असं त्यांनी दिराला सांगितलं. कुठल्या खाटेवर बसलो होतो तेही सांगितलं.

मी तिथं होते. पेढ्यांचं ताट माझ्या हातात होतं. ते बोलून खाली बसले, तेव्हा मी त्यांच्यापुढे ताट धरलं. त्यांनी एक पेढा घेतला. मग मी पुढच्या माणसाकडे गेले.